प्रोटॉनवरचं बल आणि साडेनऊ कोटी पटींची चूक

चोपडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हे प्रकरण सराव परीक्षेतल्या दोन गुणांच्या एका प्रश्नाचं आणि एका विद्यार्थिनीने त्याला दिलेल्या उत्तराचं आहे. पेपर तपासताना मी त्या उत्तरावर लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि पुढचा पेपर उचलला. रात्री गुणांची बेरीज जुळवताना तोच पेपर पुन्हा हातात आला आणि मी थांबलो. चूक होतीच. पण त्या चुकीला आकार होता, आणि शून्य देताना तो आकार माझ्या नजरेतून सुटला होता.

प्रश्न असा होता:

दोन समांतर धातूपट्ट्यांमध्ये 2 सेंटिमीटर अंतर आणि 100 व्होल्ट विभवांतर आहे. पट्ट्यांमधल्या निर्वातात सोडलेल्या प्रोटॉनला 4.8 × 10¹¹ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. (अ) प्रोटॉनवरील बल काढा. (ब) त्याच जागी इलेक्ट्रॉन सोडल्यास त्याचे त्वरण किती? (प्रोटॉनचा प्रभार 1.6 × 10⁻¹⁹ कूलोम, वस्तुमान 1.67 × 10⁻²⁷ किलोग्रॅम. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान 9.11 × 10⁻³¹ किलोग्रॅम.)

तिचं उत्तर दोन ओळींचं:

(अ) बल = 1.6 × 10⁻¹⁹ × 4.8 × 10¹¹ = 7.68 × 10⁻⁸ न्यूटन. (ब) त्वरण तेवढेच राहील.

बरोबर उत्तराला एवढाच कागद लागतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण: 1.67 × 10⁻²⁷ × 4.8 × 10¹¹, म्हणजे 8.02 × 10⁻¹⁶ न्यूटन. पहिल्या भागाला प्रभार लागत नाही, अंतर लागत नाही, व्होल्टही लागत नाहीत. ते मी मुद्दाम दिले होते, उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळता यावं म्हणून. 100 व्होल्ट भागिले 0.02 मीटर, म्हणजे विद्युतक्षेत्र 5000 व्होल्ट प्रति मीटर. त्याला प्रभाराने गुणलं की 8.0 × 10⁻¹⁶ न्यूटन. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. पण प्रश्नात दिलेली प्रत्येक संख्या वापरायचीच असते, असा आपल्या मुलांचा पक्का समज असतो, आणि तो आम्हीच वर्षानुवर्षं गणितं घालून घालून करून दिलेला आहे. कण प्रभारित म्हटला की हात आपोआप प्रभाराकडे जातो.

मला मात्र एवढं कारण पुरेसं वाटेना. अशी घाईतली चूक असती तर (ब) कोरा राहिला असता किंवा तिथे काहीतरी आकडेमोड दिसली असती. तिने ठामपणे लिहिलं होतं, तेवढेच राहील. खाडाखोडही नव्हती.

प्रयोगशाळेतली दुपार

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तिला प्रयोगशाळेत बोलावलं. ती तापीकाठच्या गावाहून एसटीने येते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात, जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या शाळेत शिकलेली. अकरावीपासून विज्ञान इंग्रजीतून. घरी अहिराणी. वडील केळीच्या गाड्या भरण्याच्या कामावर असतात. वर्गात ती कधी हात वर करत नाही, पण वहीत एकही उदाहरण सोडलेलं नसतं.

पेपर तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "हे 1.6 तू कुठून घेतलंस, ते सांग. चूक-बरोबर नंतर बघू."

"प्रोटॉनचं आहे ना सर ते. त्याचा चार्ज."

"चार्ज म्हणजे काय?"

"प्रभार."

"आणि प्रभार म्हणजे?"

ती थांबली. पंखा बंद होता, दुपारची वीज गेली होती. तिने पंख्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "भार. म्हंजे वजन. भारनियमनमधला भार वेगळा, पण ह्यो... सर, माले वाटनं दोन्ही एकच शे."

इथे मला पहिला धागा मिळाला. इंग्रजीत आलेला शब्द ती मनात मराठीत नेत होती आणि मराठीत नेताना तो अर्ध्यावर दुसऱ्याच शब्दाला जाऊन चिकटत होता. भार हा आपल्याकडे रोजचा शब्द आहे. डोक्यावरचा भार, भुईकाट्यावरचा भार, गावात वीज जाते तो भारनियमनातला भार, शाळेत प्रभारी मुख्याध्यापक असतात त्यांच्यावरचा कार्यभार. एवढ्या भारांच्या गर्दीत ‘प्रभारित कण’ हा शब्द नव्या कानाला ‘भार असलेला कण’ असा ऐकू येणं अगदी साहजिक आहे. आम्ही शिक्षक हा शब्द इतका सराईतपणे वापरतो की त्याचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही.

दुसरा धागा आकड्यांचा. प्रोटॉनचा प्रभार 1.6 ने सुरू होतो आणि वस्तुमानही 1.67 ने. त्याला कुठलंही कारण नाही; एक संख्या कूलोममध्ये आहे, दुसरी किलोग्रॅममध्ये, आणि दोन्ही एककं माणसाने आपल्या सोयीने ठरवलेली. पण पाठांतरात ही दोन जुळी भावंडं शेजारी शेजारी बसतात. फरक फक्त घातांकात, आणि घातांक ही मुलं घाईत सर्वांत शेवटी बघतात. इलेक्ट्रॉनच्या उदाहरणात ही गफलत इतक्या सहज होत नाही, कारण तिथे वस्तुमान 9.11 ने सुरू होतं.

(ब) चं उत्तर तिला कुठून सुचलं

मग मी दुसऱ्या ओळीकडे वळलो. "इलेक्ट्रॉनचं त्वरण तेवढंच राहील, असं का?"

या वेळी ती अडखळली नाही. "सर, दगड आणि गोटी एकदम सोडली तर एकदम पडतात. दहावीत होतं. आणि चंद्रावर हातोडा आणि पीस."

1971 मध्ये अपोलो 15 मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. तिथे हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. उदाहरण तिला नीट आठवत होतं, आणि ते तिने विद्युतक्षेत्राला लावलं होतं.

तेव्हा लक्षात आलं की तिच्या पेपरात दोन चुका नव्हत्याच. एकच होती. तिने विद्युतक्षेत्राला गुरुत्वाकर्षण समजून सगळं सुसंगत केलं होतं.

हे जरा सावकाश मांडतो, कारण या प्रकरणाचा गाभा इथे आहे. जमिनीजवळ पडणाऱ्या दगडासाठी आपण ‘जी’ वापरतो, 9.8. हा आकडा एकाच वेळी दोन कामं करतो. दर किलोग्रॅमवर पृथ्वी किती न्यूटन बल लावते, ते तो सांगतो; त्या अर्थाने तो क्षेत्र आहे. आणि दगड किती त्वरणाने पडेल, तेही तोच सांगतो. दोन्ही कामं एका आकड्याने भागतात, कारण पृथ्वी ज्या गुणधर्माला धरून ओढते तो गुणधर्म आणि गती बदलायला जो गुणधर्म विरोध करतो तो, दोन्ही एकच आहेत: वस्तुमान. त्वरण काढायला बलाला वस्तुमानाने भागलं की ते वर एकदा, खाली एकदा येतं आणि कटतं. म्हणून हातोडा आणि पीस एकत्र पडतात.

विद्युतक्षेत्रात हे जमत नाही. क्षेत्र धरतं प्रभाराला, आणि विरोध करतं वस्तुमान. कटण्यासारखं काही नाही. एका कूलोमवर 5000 न्यूटन, हे क्षेत्र झालं. 4.8 × 10¹¹ हे त्या प्रोटॉनचं त्वरण झालं. हे दोन आकडे वेगळे आहेत, त्यांची एककं वेगळी आहेत, आणि मध्ये पूल म्हणून एक संख्या उभी आहे: प्रोटॉनचा प्रभार भागिले प्रोटॉनचं वस्तुमान, 9.58 × 10⁷ कूलोम प्रति किलोग्रॅम. 5000 ला त्याने गुणा, त्वरण मिळतं.

तिने प्रभार आणि वस्तुमान एकच मानलं, म्हणजे हा पूल 1 मानला. पूल 1 असला की क्षेत्र आणि त्वरण एकच होतात. मग प्रभार गुणिले त्वरण हेच बल, आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन एकत्र ‘पडतात’. (अ) आणि (ब) एकाच बीजातून उगवलेले होते. एवढा सुसंगत विचार करणाऱ्या मुलीला मी शून्य देऊन मोकळा झालो होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

चुकीचं माप घेतलं

‘तुझं चुकलं, सूत्र असं आहे’ एवढं सांगून तिला पाठवता आलं असतं. पण सूत्र तिला पाठ होतंच. म्हणून आम्ही तिच्या उत्तराचंच माप घ्यायचं ठरवलं.

आधी एककं. पेपरच्या मागच्या बाजूला तिने लिहिलं: कूलोम गुणिले मीटर प्रति सेकंद वर्ग. मग न्यूटनची व्याख्या लिहिली: किलोग्रॅम गुणिले मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या. तिने पेनाच्या टोकाने ‘कूलोम’वर दोनदा टकटक केलं आणि मान हलवली. इथवर सोपं होतं.

पुढचा प्रश्न मी विचारला: "प्रोटॉनवर 7.68 × 10⁻⁸ न्यूटन बल खरंच लावायचं असेल, तर क्षेत्र किती लागेल?" तिने प्रभाराने भागलं. आलं 4.8 × 10¹¹ व्होल्ट प्रति मीटर. त्वरणाचाच आकडा परत आला; तो येणारच होता. "मग 2 सेंटिमीटरवरच्या पट्ट्यांना किती व्होल्ट?" 0.02 ने गुणलं: 9.6 × 10⁹. तिने शून्यं मोजली आणि म्हणाली, "नऊशे साठ कोटी व्होल्ट?" साध्या हवेत मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टचं क्षेत्र झालं की ठिणगी पडते. प्रश्नात होते 100 व्होल्ट.

इथे मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती मला स्वतःला फार आवडते. तिचं उत्तर पट्ट्यांमधल्या प्रोटॉनसाठी चुकलेलं होतं, पण तेवढं बल निसर्गात आहे. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन इलेक्ट्रॉनला जवळजवळ तेवढ्याच बलाने ओढतो: 8.2 × 10⁻⁸ न्यूटन. अणूच्या आतलं क्षेत्र एवढं जबरदस्त असतं, आणि ते 2 सेंटिमीटरवरच्या दोन पट्ट्यांमध्ये आणायचं तर नऊशे साठ कोटी व्होल्ट लागतात. चुकीच्या उत्तराने तिला अणूच्या आत नेऊन आणलं.

मग शेवटचा भागाकार. "तुझं उत्तर भागिले बरोबर उत्तर." 7.68 × 10⁻⁸ भागिले 8.02 × 10⁻¹⁶. आलं 9.58 × 10⁷. साडेनऊ कोटींहून जास्त पट. आणि हा आकडा नेमका तो पुलाचा. तिने 1 मानलेली संख्या तिच्याच चुकीतून बाहेर आली. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. मीही काही बोललो नाही.

हा पूल ज्याने मोजला

तिला मी केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांच्याबद्दल सांगितलं. 1897 मध्ये त्यांनी निर्वात नळीतल्या किरणांना, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाला, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी वळवून बघितलं. वळण किती पडलं त्यावरून त्वरण कळतं, आणि क्षेत्र माहीत असलं की प्रभार भागिले वस्तुमान हे गुणोत्तर कळतं. ते हायड्रोजनच्या आयनापेक्षा, म्हणजे प्रोटॉनपेक्षा, हजाराहून जास्त पट मोठं निघालं. आता प्रश्न आला: प्रभार हजारपट मोठा, की वस्तुमान हजारपट लहान? नुसत्या त्वरणावरून याचा निकाल लागत नाही. एका कणावर नेमकं किती न्यूटन बल लागतंय, तेही सांगता येत नाही. त्यासाठी दोघांपैकी एक स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तो प्रभार रॉबर्ट मिलिकन यांनी 1909 ते 1913 या काळात शिकागोला, तेलाच्या बारीक थेंबांवरून नेमका मोजला. मग इलेक्ट्रॉनचं वस्तुमान निघालं: प्रोटॉनच्या 1836 व्या भागाएवढं.

म्हणजे त्वरणावरून बल काढण्याच्या या साध्या वाटणाऱ्या गणितात ‘वस्तुमान दिलेले आहे’ हे तीन शब्द येतात, त्यांच्यामागे एवढी वर्षं आहेत. मी ते आता वर्गात दरवेळी सांगतो.

(ब) तिने तिथेच बसून पुन्हा सोडवला. इलेक्ट्रॉनचा प्रभार तेवढाच, चिन्ह उलट. म्हणून बल तेवढंच, 8.0 × 10⁻¹⁶ न्यूटन, दिशा उलट. त्वरण 8.8 × 10¹⁴, प्रोटॉनच्या 1836 पट. दिशेवर ती क्षणभर अडकली: इलेक्ट्रॉनसाठी बलाची आणि त्वरणाची दिशा उलट का? तसं नाही. बल आणि त्वरण कायम एकाच दिशेला; उलट होतं ते क्षेत्राच्या दिशेच्या मानाने. हे तिने दोन बाण काढून स्वतःच ठरवलं. मग विचारलं, "सर, आणि त्याचं वजन? ते नाही धरायचं?" प्रोटॉनवर पृथ्वीचं ओढणं 1.64 × 10⁻²⁶ न्यूटन. विद्युतबल त्याच्या जवळपास 4,900 कोटी पट. धरलं काय आणि सोडलं काय, उत्तराच्या आकड्यांत फरक पडत नाही.

दीपनगरची राख

चार दिवसांनी ती स्वतःहून आली. मामाकडे वरणगावला जाताना भुसावळच्या पुढे दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी लागतात. कोळशाची राख विजेने प्रभारित करून पट्ट्यांवर ओढून घेतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिचा प्रश्न: राखेच्या कणाचं त्वरण मोजलं, वस्तुमान मोजलं, तर गुणाकार म्हणजे विद्युतबल ना?

फार चांगला प्रश्न होता, आणि उत्तर नाही असं होतं. राखेचा कण गरम वायूतून जातो. क्षेत्र त्याला पट्टीकडे ओढतं आणि वायू त्याला अडवतो. कण लवकरच एका ठरावीक वेगाने सरकू लागतो. तेव्हा पट्टीच्या दिशेने त्याचं त्वरण शून्य असतं, आणि विद्युतबल मात्र शून्य नसतं. वस्तुमान गुणिले त्वरण हा गुणाकार सगळ्या बलांची गोळाबेरीज देतो. माझ्या प्रश्नात ‘निर्वातात’ हा शब्द होता, म्हणूनच तिथे ती बेरीज आणि विद्युतबल एक होते. मिलिकनच्या थेंबांचंही असंच: ठरावीक वेगाने पडणारा थेंब म्हणजे त्वरण शून्य, आणि तरीही वजन, हवेचा अवरोध आणि विद्युतबल हे तिघे त्याच्यावर कामाला लागलेले.

भुईकाट्याचं उदाहरण तिनेच दिलं. भरलेल्या गाडीचा काटा केळीचं वजन सांगत नाही. रिकामी गाडी वजा केल्यावर केळी कळते. बरोबर बसतं.

नंतरचा पेपर

तिच्या पेपरवरचं शून्य मी खोडलं. (अ) आणि (ब) दोन्ही चुकलेलेच होते, म्हणून गुण दिले नाहीत. समासात लिहिलं, ‘विचार सुसंगत, पण क्षेत्र गुरुत्वाचे नाही.’ त्याच गठ्ठ्यात आणखी काही पेपरांत 7.68 दिसलं. त्यांच्याशीही बसलो, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचा (ब) कोरा होता. त्यांची चूक खरोखर घाईची होती. दोन सारखी उत्तरं, दोन वेगळी दुखणी. मी प्रश्नातून प्रभार काढून टाकावा, म्हणजे मुलं गोंधळणार नाहीत, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मी तो ठेवला. प्रभार काढला असता तर ही मुलगी बरोबर उत्तर लिहून गेली असती आणि तिच्या मनातला भार तिथेच राहिला असता.

शिकवताना एक बदल केला. ‘प्रभार’ हा शब्द पहिल्यांदा फळ्यावर येतो त्याच दिवशी त्याच्या शेजारी ‘भार’ लिहितो आणि दोन्हींची एककं मुलांकडून वदवून घेतो.

पुढच्या परीक्षेत चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न होता. 0.01 टेस्ला क्षेत्रात 1.38 × 10⁵ मीटर प्रति सेकंद चालीने प्रोटॉन 14.4 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. त्याचं त्वरण काढा आणि त्यावरून बल. तिच्या पेपरवर आधी लिहिलेलं होतं, ‘चाल बदलत नाही म्हणून त्वरण शून्य’. त्यावर एक आडवी रेघ. खाली वर्तुळ, वर्तुळावर एक ठिपका, ठिपक्यापासून केंद्राकडे जाणारा बाण. मग चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, 1.32 × 10¹¹. मग बल, 2.2 × 10⁻¹⁶ न्यूटन, आणि आकड्यापुढे लहान अक्षरांत: किलोग्रॅमने गुणलं. त्याखाली, कुणी विचारलेलं नसताना, प्रभार गुणिले चाल गुणिले चुंबकीय क्षेत्र. तेही 2.2 × 10⁻¹⁶.